अर्धसंवाहक आधारावरील अरेषीय पॉलिमर पटलाचा विद्युत्-प्रकाशीय गुणांक मोजताना: सविस्तर मार्गदर्शक

विद्युत क्षेत्र लावले की ज्या पदार्थाचा अपवर्तनांक त्या क्षेत्राच्या प्रमाणात बदलतो, त्या पदार्थात पॉकेल्स परिणाम आहे असे म्हणतात. लिथियम नायोबेटसारख्या स्फटिकांत हा गुण जन्मजात असतो आणि त्यांचा प्रमुख गुणांक, म्हणजे आर३३ (लावलेल्या क्षेत्राच्याच दिशेने ध्रुवित प्रकाशासाठीचा), सुमारे ३१ पिकोमीटर प्रति व्होल्ट असतो. पॉलिमर पटलात मात्र तो आपल्याला घडवावा लागतो. पॉलिमरमध्ये मिसळलेले किंवा साखळीला जोडलेले लांबट, ध्रुवीय क्रोमोफोर रेणू उष्णता आणि विद्युत क्षेत्र यांच्या साहाय्याने एका दिशेला वळवले आणि त्याच स्थितीत गोठवले, तरच पटलाची सममिती मोडते आणि परिणाम दिसू लागतो. या क्रियेला पोलिंग म्हणतात.

काचेवर इंडियम टिन ऑक्साइडचा पारदर्शक थर, त्यावर पॉलिमर आणि वर सोन्याचा इलेक्ट्रोड अशा नेहमीच्या रचनेवर मोजमाप करण्याची पद्धत १९९० मध्ये टेंग आणि मान यांनी व त्यांच्यापासून स्वतंत्रपणे शिल्डक्राउट यांनी मांडली, आणि ती आता बहुतेक प्रयोगशाळांत रुळलेली आहे. अडचण येते ती काचेच्या जागी सिलिकॉन किंवा गॅलियम आर्सेनाइड आल्यावर. तेथे आधार हा पटलाला धरून ठेवणारा निमूट तुकडा राहत नाही. तो विद्युत परिपथाचाही घटक असतो आणि प्रकाशमार्गाचाही. काचेवरची कृती जशीच्या तशी सिलिकॉनवर वापरली तर आकडा मिळतो, पण तो पॉलिमरचा असेलच असे नाही. म्हणून या लेखात प्रत्येक पायरीवर आधार काय करतो याकडे जास्त लक्ष दिले आहे, आणि जेथे तो काहीच करत नाही त्या गोष्टी थोडक्यात उरकल्या आहेत.

आधाराची निवड

प्रकाश कोणत्या बाजूने आत सोडायचा हे आधी ठरवावे, कारण वेफर त्यावर ठरतो. वरून प्रकाश सोडायचा तर पॉलिमरवर अर्धपारदर्शक इलेक्ट्रोड लागतो, आणि अतिपातळ सोन्याचे शोषण व परावर्तन दोन्ही हिशेबात घ्यावे लागतात. मला त्यापेक्षा दुसरा मार्ग अधिक स्वच्छ वाटतो: १३१० नॅनोमीटरचा प्रकाश सिलिकॉनच्या मागच्या बाजूने आत सोडावा, तो पॉलिमरमधून जाऊन वरच्या जाड सोन्यावर परावर्तित व्हावा आणि त्याच मार्गाने परत यावा. सिलिकॉनची ऊर्जा-फट १.१२ इलेक्ट्रॉन-व्होल्ट असल्यामुळे साधारण ११०० नॅनोमीटरच्या पुढे ते पारदर्शक असते. ६३३ किंवा ८३० नॅनोमीटरच्या लेसरने हे जमत नाही. शिवाय तो प्रकाश सिलिकॉनमध्ये शोषला जाऊन वाहक निर्माण करतो आणि मोजमापाची विद्युत स्थितीच बदलून टाकतो.

येथे एक पेच आहे. चांगला इलेक्ट्रोड म्हणून काम करण्यासाठी सिलिकॉनमध्ये भरपूर डोपिंग (वाहक पुरवणारी अशुद्धी) हवे असे वाटते, परंतु मुक्त वाहक अवरक्त प्रकाश शोषतात. सोरेफ आणि बेनेट यांनी १९८७ मध्ये दिलेल्या संबंधानुसार १५५० नॅनोमीटरला दर घन सेंटिमीटरमध्ये १०^१९ इलेक्ट्रॉन असतील तर शोषण गुणांक सुमारे ८५ प्रति सेंटिमीटर वाढतो. अर्धा मिलिमीटर जाडीच्या वेफरमधून प्रकाश जाऊन परत येईपर्यंत त्याचे जवळजवळ काहीच उरत नाही. १३१० नॅनोमीटरला चित्र थोडेच बरे असते. उलट १०^१५ इतक्या हलक्या डोपिंगला हे शोषण नगण्य असते, पण पृष्ठभागाजवळ डिप्लिशन थर (वाहक निघून गेलेला भाग) तयार होतो आणि लावलेल्या व्होल्टेजचा काही भाग तो खाऊन टाकतो.

यातून बाहेर पडायचा सोपा मार्ग असा. दोन्ही बाजूंनी पॉलिश केलेला, पी-प्रकारचा, १० ते १५ ओहम-सेंटिमीटर रोधकतेचा वेफर घ्यावा (हे डोपिंग १०^१५ च्या आसपास येते) आणि मोजमाप करताना एकदिश व्होल्टेज लावून सिलिकॉनला संचय-स्थितीत ठेवावे. संचय-स्थितीत बहुसंख्य वाहक पृष्ठभागाशी गोळा होतात आणि सिलिकॉन विद्युतदृष्ट्या धातूसारखे वागते, तरीही प्रकाशाला ते पारदर्शकच राहते. ते प्रत्यक्षात कसे साधायचे ते पुढे येईल.

वेफरची साफसफाई नेहमीप्रमाणे करावी. हायड्रोफ्लोरिक आम्लाने नैसर्गिक ऑक्साइड काढायचे असेल तर प्रशिक्षित व्यक्तीनेच, योग्य हातमोजे घालून आणि कॅल्शियम ग्लुकोनेट जेल हाताशी ठेवूनच ते करावे. पुढे टायटॅनियम डायऑक्साइडचा थर द्यायचा असल्याने एक-दोन नॅनोमीटरचे नैसर्गिक ऑक्साइड राहिले तरी मोजमापात विशेष बिघडत नाही, त्यामुळे सुविधा नसेल तर ही पायरी गाळायला माझी हरकत नाही.

मधला थर: एकात दोन कामे

सिलिकॉनचा अपवर्तनांक १३१० नॅनोमीटरला सुमारे ३.५ आणि पॉलिमरचा साधारण १.६५ असतो. या दोहोंच्या सीमेवर लंब आपतनाला सुमारे १३ टक्के प्रकाश परावर्तित होतो. पॉलिमरच्या दुसऱ्या बाजूला सोन्याचा आरसा असल्यामुळे पटल हेच एक लहानसे अनुनादी पोकळीयंत्र बनते. अशा रचनेत परत येणाऱ्या प्रकाशाची कला (तरंगाच्या चक्रातील स्थिती) पटलाच्या जाडीनुसार कमीअधिक वेगाने बदलते. हिशेब केला तर ४५ अंशाला हा वेग साध्या सूत्राने सांगितलेल्या वेगाच्या निम्म्याहून कमी ते दुपटीहून अधिक, कोठेही असू शकतो, आणि एस व पी ध्रुवणांसाठी (प्रकाशाचे विद्युत क्षेत्र अनुक्रमे आपतनाच्या प्रतलाला लंब आणि त्या प्रतलात) तो वेगवेगळा असतो. म्हणजे पटलाची जाडी शंभरएक नॅनोमीटरने बदलली की मिळणारा गुणांकही बदलतो, पॉलिमर मात्र तेच असते. काचेवर ही चूक लहान असते. सिलिकॉनवर ती सर्वांत मोठी चूक ठरते, आणि तिच्याकडे सर्वांत कमी लक्ष दिले जाते.

उपाय म्हणून सिलिकॉन आणि पॉलिमर यांच्यामध्ये परावर्तनरोधक थर द्यावा. त्याचा आदर्श अपवर्तनांक दोन्हींच्या गुणाकाराचे वर्गमूळ, म्हणजे सुमारे २.४, हवा. टायटॅनियम डायऑक्साइड येथे अगदी योग्य जागी बसतो. त्याचा अपवर्तनांक निर्मितीच्या पद्धतीनुसार बदलतो, म्हणून आपल्या थराचा अपवर्तनांक एलिप्सोमीटरने मोजून त्यावरून चतुर्थांश तरंगलांबीची जाडी काढावी. २.२५ अपवर्तनांकाला ती सुमारे १४६ नॅनोमीटर येते. एवढ्याने सीमेवरचे परावर्तन १३ टक्क्यांवरून अर्ध्या टक्क्याच्याही खाली उतरते आणि जाडीमुळे येणारी अनिश्चितता साधारण १४ टक्क्यांच्या आत येते. तिला आणखी कमी करायचे तर दोन-तीन जाड्यांचे नमुने करून सरासरी घ्यावी, किंवा संपूर्ण थररचनेचे मॅट्रिक्स-गणित करावे.

या थराचे दुसरे काम विद्युतीय आहे. पोलिंग करताना इलेक्ट्रोडमधून पॉलिमरमध्ये आवेश घुसतो, गळती प्रवाह वाढतो आणि बऱ्याचदा नमुना जळतो. टायटॅनियम डायऑक्साइड धनविवरांना (धन आवेशाच्या वाहकांना) अडवतो, म्हणून पोलिंगमध्ये तो अवरोधक थर म्हणून वापरला जातो, आणि पी-प्रकारच्या सिलिकॉनशी त्याची जोडी चांगली जमते. त्याचा परावैद्युतांक पॉलिमरपेक्षा खूप मोठा असल्यामुळे मोजमापाच्या वेळी त्याच्यावर पडणारे व्होल्टेज एखाद्या टक्क्याच्या आसपास राहते.

काही जण याऐवजी जाड सिलिकॉन डायऑक्साइड देतात, कारण पॉलिमरमध्ये प्रकाश तरंगमार्गदर्शकासारखा कोंडायचा असेल तर खाली कमी अपवर्तनांकाचा थर लागतोच. सिलिकॉनवर थेट घातलेल्या पॉलिमरमधून प्रकाश सिलिकॉनमध्ये गळून जातो. प्रिझम-युग्मकाने अपवर्तनांक मोजायचा असेल तेव्हा वेगळ्या नमुन्यावर दोन मायक्रोमीटर किंवा अधिक ऑक्साइड जरूर द्यावे. पण पोलिंगच्या नमुन्यावर ते नको. प्रत्यावर्ती व्होल्टेजची वाटणी परावैद्युतांकांनुसार होते, त्यामुळे दोन मायक्रोमीटर पॉलिमर आणि तेवढेच ऑक्साइड असल्यास पॉलिमरला ५६ टक्के तरी मिळतात. पोलिंगच्या एकदिश व्होल्टेजची वाटणी मात्र काही काळानंतर रोधकतेनुसार होते, आणि काचसंक्रमण तापमानाजवळ (जेथे कडक पॉलिमर मऊ होऊ लागतो) पॉलिमर ऑक्साइडपेक्षा कितीतरी अधिक वाहक झालेला असतो. परिणामी जवळजवळ सगळे व्होल्टेज ऑक्साइडवर पडते आणि पॉलिमर उपाशी राहतो. पोलिंग नीट केले, प्रवाहही छान कमी आला, आणि तरी गुणांक शून्याजवळ निघाला, अशा तक्रारींमागे बहुधा हेच कारण असते.

पटल घालणे आणि पोलिंग

सरावासाठी डिस्पर्स रेड १ हा रंगद्रव्य-रेणू पॉलिमिथाइल मेथाक्रिलेटमध्ये मिसळून वापरावा. त्याचा गुणांक लहान असतो, पण तो वर्षानुवर्षे अभ्यासलेला आहे आणि त्याच्या शोषणाचे शिखर ४९० नॅनोमीटरच्या आसपास असल्यामुळे १३१० नॅनोमीटरला अनुनादाचा त्रास होत नाही. शुद्ध पॉलिमिथाइल मेथाक्रिलेटचे काचसंक्रमण तापमान १०५ अंश सेल्सियसच्या जवळ असते आणि रंगद्रव्य मिसळल्यावर ते खाली येते, त्यामुळे आपल्या मिश्रणाचे तापमान उष्णतामापनाने स्वतंत्रपणे काढावे.

द्रावण सायक्लोपेंटॅनोनसारख्या सावकाश उडणाऱ्या द्रावकात करावे, ०.२ मायक्रोमीटरच्या गाळणीतून गाळावे आणि फिरकीने पटल घालावे. दोन मायक्रोमीटरच्या आसपासची जाडी सोयीची ठरते. त्यानंतर काचसंक्रमण तापमानाच्या खाली, निर्वात भट्टीत रात्रभर ठेवून द्रावक पूर्ण काढावा. उरलेला द्रावक काचसंक्रमण तापमान खाली ओढतो आणि पोलिंगमध्ये बुडबुडे आणतो. क्रोमोफोर प्रकाश आणि ऑक्सिजन यांच्या एकत्रित माऱ्याने खराब होतात, म्हणून नमुने अंधारात ठेवावेत. वरचे सोने औष्णिक बाष्पीभवनाने, सावकाश, सुमारे १०० नॅनोमीटर जाडीचे आणि २ ते ३ मिलिमीटर व्यासाच्या वर्तुळांत घालावे. स्पटरिंगने पॉलिमरचा पृष्ठभाग दुखावतो. सिलिकॉनशी संपर्कासाठी कडेचे पटल पुसून, पृष्ठभाग खरवडून गॅलियम-इंडियमचे द्रव मिश्रण लावणे हा जलद उपाय आहे.

पोलिंगसाठी ५० ते १०० व्होल्ट प्रति मायक्रोमीटर क्षेत्र पुरेसे आहे, म्हणजे दोन मायक्रोमीटरला १०० ते २०० व्होल्ट. परिपथात काही मेगाओहमचा रोध आणि संवेदनशील प्रवाहमापक ठेवावा. व्होल्टेज लावून तापमान मिनिटाला ५ अंशांच्या गतीने वाढवावे, काचसंक्रमणाजवळ काही मिनिटे थांबावे आणि व्होल्टेज तसेच ठेवून खोलीच्या तापमानापर्यंत थंड करावे. प्रवाह तापमानाबरोबर वाढणे स्वाभाविक आहे. पण तापमान स्थिर असताना तो वाढत राहिला तर ताबडतोब थंड करायला घ्यावे. रेणू किती वळतील याचा ढोबळ अंदाज द्विध्रुव आघूर्ण गुणिले क्षेत्र, भागिले औष्णिक ऊर्जेच्या पाचपट, यावरून येतो. १० डिबाय द्विध्रुव, १०० व्होल्ट प्रति मायक्रोमीटर आणि ४०० केल्विनला हे प्रमाण केवळ ०.१२ येते. क्षेत्र निम्मे मिळाले की गुणांकही निम्माच होतो, हे यातून लक्षात यावे.

सिलिकॉनमधील डिप्लिशन थराची पोलिंगमध्ये फार काळजी करू नये. या तापमानाला अल्पसंख्य वाहक झपाट्याने तयार होतात, पृष्ठभाग उलटतो (तेथे तेच वाहक संख्येने वरचढ होतात) आणि सिलिकॉनवरचे व्होल्टेज एका व्होल्टच्याही खाली अडकून राहते, आणि २०० व्होल्टांत ते नगण्य असते. प्रत्येक रचनेचे दोन नमुने मात्र करावेत: एक वरच्या इलेक्ट्रोडला धन व्होल्टेज देऊन, दुसरा ऋण देऊन. ही जोडी पुढे सर्वांत उपयोगी पडते.

आधी धारिता, मग प्रकाश

लेसर चालू करण्याआधी धारिता-व्होल्टेज वक्र काढण्याची सवय लावून घ्यावी. धातू, पॉलिमर आणि सिलिकॉन ही रचना म्हणजे ओळखीचे एमआयएस (धातू-निरोधक-अर्धसंवाहक) धारित्रच आहे, आणि त्याच्या वक्रावर संचय-स्थितीचे पठार स्पष्ट दिसते.

आकडे पाहिले की याचे महत्त्व कळते. १०^१५ डोपिंगला डिप्लिशन थर जास्तीत जास्त ०.८८ मायक्रोमीटर वाढतो. दोन मायक्रोमीटरच्या पॉलिमरच्या तुलनेत तो प्रत्यावर्ती व्होल्टेजचा सुमारे १० टक्के भाग घेतो. पॉलिमर अर्ध्या मायक्रोमीटरचा असेल तर हा वाटा ३० टक्क्यांवर जातो. त्याहून वाईट गोष्ट अशी की १० व्होल्टचे प्रत्यावर्ती व्होल्टेज स्वतःच सिलिकॉनला एका अर्ध्या आवर्तनात संचय-स्थितीत आणि दुसऱ्या अर्ध्यात डिप्लिशनमध्ये ढकलते, त्यामुळे सिग्नल वेडावाकडा होतो आणि दुप्पट वारंवारतेचा घटक उगाच वाढतो.

पी-प्रकारच्या सिलिकॉनसाठी वरच्या इलेक्ट्रोडला ऋण एकदिश व्होल्टेज द्यावे आणि ते इतके असावे की त्यावर प्रत्यावर्ती आयाम मिळवला तरी आपण पठारावरच राहू. पोलिंगमध्ये अडकलेल्या आवेशामुळे पूर्ण वक्र बाजूला सरकलेला असतो, आणि उलटसुलट पोलिंग केलेल्या दोन नमुन्यांत तो विरुद्ध दिशांना सरकतो, म्हणून उणे २० व्होल्ट पुरतील असे गृहीत धरू नये. प्रत्येक नमुन्याचा वक्र पाहून मोठी गरज ज्याची असेल त्याप्रमाणे दोघांनाही सारखेच व्होल्टेज द्यावे. पठारावरच्या धारितेवरून पॉलिमरचा परावैद्युतांकही मिळतो, तोही नोंदवावा. एन-प्रकारच्या सिलिकॉनला अर्थातच सगळी चिन्हे उलटी होतात.

प्रकाशीय मांडणी

लेसर, ४५ अंशांवर ध्रुवक, नमुना, सोलेइल-बॅबिने प्रतिपूरक (एस व पी यांच्यातील कलांतर हवे तसे बदलणारे साधन), ध्रुवकाशी काटकोनात विश्लेषक, इंडियम गॅलियम आर्सेनाइडचा प्रकाशडायोड आणि लॉक-इन ॲम्प्लिफायर (ठरावीक वारंवारतेचाच सिग्नल वेगळा काढणारा) अशी मांडणी असते. आपतन कोन ४५ अंश ठेवावा. मधल्या समांतर थरांमुळे कोनाची साइन, अपवर्तनांकाने गुणिली असता, सर्वत्र तीच राहते, म्हणून सूत्रात हवेतलाच कोन घालायचा आहे.

सिलिकॉनच्या पहिल्याच पृष्ठभागावरून बराच प्रकाश परत येतो आणि तो पॉलिमरमधून आलेल्या प्रकाशात मिसळला तर सगळे गणित बिघडते. अर्ध्या मिलिमीटरच्या वेफरमध्ये हे दोन किरण सुमारे १५० मायक्रोमीटर एकमेकांपासून बाजूला सरकतात. म्हणून झोत ५० मायक्रोमीटरपर्यंत केंद्रित करावा आणि छिद्र लावून पहिला किरण अडवावा. तो अडवला गेला आहे की नाही याची सोपी चाचणी म्हणजे नमुना थोडा तापवणे: वेफरचे तापमान सुमारे ७ अंशांनी बदलले की सिलिकॉनमधील व्यतिकरणाचे एक पूर्ण चक्र होते. तापवताना तीव्रता लयबद्ध वरखाली होत असेल तर छिद्र अजून नीट लागलेले नाही.

सिलिकॉनमध्ये शिरताना आणि बाहेर पडताना पी-ध्रुवण एसपेक्षा अधिक जाते. दोन्ही वेळचे मिळून हे प्रमाण जवळजवळ दुप्पट होते. त्यामुळे प्रतिपूरक फिरवल्यावर किमान तीव्रता शून्याला पोहोचत नाही. ध्रुवक थोडा फिरवून दोन्ही घटक समान करावेत, किंवा सूत्रात सरासरी तीव्रतेऐवजी कमाल आणि किमान तीव्रतांच्या फरकाचा निम्मा भाग वापरावा. मी दुसरेच करतो, कारण त्यात काही गृहीत धरावे लागत नाही.

व्होल्टेजची वारंवारता काही किलोहर्ट्झ आणि आयाम १० व्होल्ट ठेवावा. प्रतिपूरकाच्या एका पूर्ण चक्रात तीस-चाळीस ठिकाणी एकदिश तीव्रता आणि लॉक-इनचे वाचन दोन्ही नोंदवावे. फक्त एका बिंदूवर वाचन घेऊन समाधान मानू नये. लॉक-इन बहुधा वर्ग-माध्य-मूळ (आरएमएस) मूल्य देतो आणि व्होल्टेज आयामात मोजलेले असते. हा वर्गमूळ दोनचा घोळ मी आजवर जितक्या नोंदवह्यांत पाहिला आहे तितका दुसरा कोणताच नाही.

सूत्र आणि त्याची दोन रूपे

न हा पॉलिमरचा अपवर्तनांक, स ही आपतन कोनाची साइन, ल तरंगलांबी, व प्रत्यावर्ती व्होल्टेजचा आयाम आणि क हा एस व पी यांच्यातील कलांतराच्या बदलाचा आयाम रेडियनमध्ये, असे धरू. क म्हणजे सर्वांत तीव्र उताराच्या बिंदूवरील सिग्नलचा आयाम, भागिले कमाल-किमान फरकाचा निम्मा भाग. आर१३ (क्षेत्राला लंब ध्रुवित प्रकाशासाठीचा गुणांक) हा आर३३ च्या एक तृतीयांश आहे असे धरल्यास

आर३३ = (३ × ल × क × √(न² − स²)) ÷ (४ × पाय × न² × व × स²)

पटलाची जाडी यात येत नाही, कारण जाडी वाढली की मार्ग वाढतो पण क्षेत्र तेवढेच घटते.

अनेक ठिकाणी याच सूत्रात वर्गमूळाऐवजी (न² − स²) चा दीड घात, भागिले (न² − २स²), असे रूप छापलेले आढळते. पी-ध्रुवणासाठी अपवर्तनांक कोनावर कसा अवलंबून असतो ते नीट धरून कलांतर स्वतः काढून पाहिले तर वर दिलेले रूप येते. न १.६५ आणि कोन ४५ अंश असताना दुसरे रूप सुमारे २९ टक्के मोठा गुणांक देते. जुन्या आकड्यांशी तुलना करताना ते कोणत्या सूत्राने काढले आहेत हे आधी पाहावे. दोन गटांमधला मतभेद कधी कधी एवढ्यावरच संपतो.

सिग्नल किती मोठा अपेक्षित आहे हेही काढून ठेवावे. ५० पिकोमीटर प्रति व्होल्टच्या पटलाला १० व्होल्टने सुमारे ०.००१५ रेडियन कलांतर मिळते, म्हणजे तीव्रतेत ०.१५ टक्के बदल. डिस्पर्स रेडच्या सराव-नमुन्याला याचा दहावा भाग मिळाला तरी आनंद मानावा.

सिग्नल पॉलिमरचाच आहे का

पोलिंग न केलेल्या नमुन्यावर मला एकदा ठसठशीत सिग्नल मिळाला होता आणि दोन दिवस मी त्याचे कारण पॉलिमरमध्ये शोधत होतो. शेवटी निघाले ते एवढेच, की पहिल्या पृष्ठभागाचा किरण छिद्रातून आत येत होता. तेव्हापासून पुढच्या तपासण्या मी मोजमापाचाच भाग मानतो.

लॉक-इनचे वाचन प्रतिपूरकाच्या स्थितीनुसार काढलेल्या आलेखात एकदिश तीव्रतेच्या उतारासारखे दिसले पाहिजे: दोन विरुद्ध उतारांवर समान पण विरुद्ध चिन्हांचे, आणि कमाल व किमान बिंदूंवर शून्य. कमाल-किमान बिंदूंवर सिग्नल उरत असेल तर तो कलेचा बदल नसून तीव्रतेचाच बदल आहे, म्हणजे शोषण, परावर्तन किंवा व्यतिकरण यांपैकी काहीतरी त्याच वारंवारतेने हलते आहे. दोन उतारांवरील वाचनांच्या फरकाचा निम्मा भाग घेतला की हा घटक बराच गळून पडतो.

त्यानंतर धन आणि ऋण पोलिंग केलेली जोडी एकाच मांडणीत मोजावी. पॉलिमरच्या सिग्नलची कला १८० अंशांनी उलटली पाहिजे. सिलिकॉनमुळे, उष्णतेमुळे किंवा गळती किरणामुळे येणारा भाग उलटत नाही, कारण त्याला पोलिंगची दिशा माहीत नसते. दोन वाचनांच्या फरकाचा निम्मा भाग पॉलिमरचा आणि बेरजेचा निम्मा भाग इतर सगळ्यांचा. बेरीज फरकाच्या दहाव्या भागाहून मोठी असेल तर आकडा जाहीर करण्याची घाई करू नये.

सिलिकॉनमधील मुक्त वाहकांच्या परिणामाची मात्र जितकी भीती घातली जाते तितका तो मोठा नसतो. सिलिकॉनला सममिती-केंद्र असल्यामुळे त्यात पॉकेल्स परिणाम नाही, आणि १० व्होल्टने दोन मायक्रोमीटरच्या पटलामागे साठणारा आवेश दर चौरस सेंटिमीटरला जेमतेम ८ × १०^१० वाहकांइतका असतो. सोरेफ-बेनेट संबंधाने त्याचा प्रकाशीय मार्गावर होणारा परिणाम काही पिकोमीटरपलीकडे जात नाही, तर ५० पिकोमीटर प्रति व्होल्टच्या पॉलिमरचा परिणाम एक नॅनोमीटरहून अधिक असतो. शिवाय तो सर्व दिशांना सारखा असल्याने एस आणि पी यांच्या फरकात जवळजवळ कटून जातो. म्हणूनच गुणांक काही पिकोमीटर प्रति व्होल्टच असेल तेव्हाच त्याची स्वतंत्र दखल घ्यावी.

गॅलियम आर्सेनाइडची गोष्ट वेगळी आहे. त्याला स्वतःचा पॉकेल्स गुणांक आहे, आर४१, सुमारे १.४ पिकोमीटर प्रति व्होल्ट. आकडा क्षुल्लक वाटतो, पण अपवर्तनांक ३.४ असल्यामुळे त्याचा घन जवळजवळ ४० होतो आणि परिणाम वाढतो. डिप्लिशन थरावर केवळ १० टक्के व्होल्टेज पडले तरी ५० पिकोमीटर प्रति व्होल्टच्या पॉलिमरच्या एक तृतीयांशाइतका खोटा सिग्नल मिळू शकतो, आणि अर्ध-रोधक वेफरवर तर पॉलिमर शोधावाच लागतो. सुदैवाने नेहमीच्या दिशेने कापलेल्या वेफरमध्ये हा परिणाम पृष्ठभागाच्या प्रतलात दोन काटकोनी दिशांना विरुद्ध चिन्हांचा असतो. नमुना स्वतःच्या प्रतलात ९० अंशांनी फिरवून पुन्हा मोजावे. आधाराचा भाग चिन्ह बदलतो, पॉलिमरचा बदलत नाही, आणि सरासरीत पहिला नाहीसा होतो. जोडीची चाचणी आणि फिरवण्याची चाचणी दोन्ही केल्या तर चार वाचनांतून सगळे घटक वेगळे काढता येतात.

शेवटची तपासणी विध्वंसक आहे, म्हणून ती शेवटीच करावी. तोच नमुना, तीच जागा न हलवता, इलेक्ट्रोड जोडून शून्य व्होल्टेजला काचसंक्रमणाच्या वर दहा मिनिटे तापवावा, थंड करून पुन्हा त्याच एकदिश आणि प्रत्यावर्ती व्होल्टेजला मोजावा. रेणू आता विस्कटलेले असतात. तरीही जे वाचन उरते त्यात एकदिश व्होल्टेजमुळे येणारा केर परिणामही (क्षेत्राच्या वर्गाच्या प्रमाणात होणारा अपवर्तनांकाचा बदल) असतो, तो एकदिश व्होल्टेज बदलून ओळखता येतो, कारण तो त्याच्या प्रमाणात वाढतो. बाकीचे जे उरते ते आधाराचे आणि मांडणीचे. नोंदवहीत ते गुणांकाशेजारीच, त्याच एककात लिहावे.